केंब्रिजच्या वेशीबाहेर बिऱ्हाड थाटताना

मराठी मनाला केंब्रिज हे नाव नवे नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे 'सीनियर रँग्लर' झाले आणि 'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे बिरुदासारखा रुळला. पुढे डॉ. जयंत नारळीकरांमुळे हे नाते अधिक दृढ झाले. वैद्यकीय क्षेत्रातील तरुणांना मात्र तेथील ओढ वेगळी आहे. १७६६ साली सुरू झालेले ॲडनब्रुक्स रुग्णालय आणि २०१९ मध्ये पॅपवर्थ एव्हरार्ड या खेड्यातून त्याच्या शेजारी आलेले, हृदय व फुप्फुसांच्या उपचारांसाठी ख्यातनाम असे रॉयल पॅपवर्थ, ही ती आकर्षणे होत.

नोकरी शहरात मिळाली तरी बिऱ्हाड अनेकदा शहराबाहेर करावे लागते. केंब्रिजभोवती हरितपट्टा राखलेला असल्याने शहराच्या विस्ताराला मर्यादा आहेत आणि घरे महाग आहेत. शहराला चहूबाजूंनी वेढणाऱ्या साउथ केंब्रिजशायर जिल्ह्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ६२ हजार, म्हणजे खुद्द शहराहून अधिक आहे. पण ती विखुरली आहे ती लहानमोठ्या खेड्यांत आणि कॅम्बॉर्न, नॉर्थस्टो यांसारख्या नव्या वसाहतींत. येथे वीज, पाणी, रस्ते यांची वानवा नाही. उणीव भासते ती वर्दळीची. डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो.

म्हणूनच घर पाहण्याआधी गाव पाहावे. २०११ साली जुन्या लोहमार्गाच्या जागी काँक्रीटच्या पन्हाळीतून धावणारी बससेवा सुरू झाली. तिच्या वाटेवरील गावांतून शहर गाठणे सोपे जाते. इतरत्र, विशेषतः रात्रपाळीच्या डॉक्टरला, मोटारीवाचून गत्यंतर नाही. भारतीय वाहन परवाना तेथे वास्तव्यास गेल्यापासून बारा महिनेच चालतो. तेथील चाचणी त्या मुदतीत उत्तीर्ण होणे अगत्याचे आहे. ही खटपट पती-पत्नी दोघांनीही करावी; अन्यथा एक जण रुग्णालयात आणि दुसरा चार भिंतींत, अशी संसाराची विभागणी होते.

मुलांसाठी हा प्रदेश अनुकूल आहे. शाळेच्या इमारतीत सायंकाळी गावातील प्रौढांनीही शिकावे, ही हेन्री मॉरिस यांची 'व्हिलेज कॉलेज'ची कल्पना १९३० साली याच परिसरातील सॉस्टन येथे साकारली. मात्र सरकारी शाळांतील प्रवेशात राहत्या पत्त्याला मोठे महत्त्व असते. माध्यमिक प्रवेशाचा अर्ज आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, तर प्राथमिकचा १५ जानेवारीपर्यंत करावा लागतो. गावातील दवाखान्यात कुटुंबाची नोंदणीही लगेच करावी. ग्रामीण भागात औषधांचे दुकान १.६ किलोमीटरहून दूर असलेल्या रुग्णांना काही दवाखान्यांतूनच औषधे मिळतात, ही सोय आपल्या जुन्या 'कंपाउंडर' असलेल्या दवाखान्याची आठवण करून देणारी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न उरतो तो आईवडिलांचा. 'स्थिरावलो की त्यांना घेऊन जाऊ,' असे अनेक मुले मनापासून म्हणतात. परंतु जुलै २०१२ पासून ब्रिटनचे नियम याबाबत अत्यंत कठोर झाले आहेत. मुलाला वा मुलीला तेथे कायम वास्तव्याचा अधिकार मिळालेला असावा लागतो. शिवाय आईवडिलांना दैनंदिन कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे आणि तशी शुश्रूषा मुलांनी पैसे पाठवूनही मायदेशी मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. बेळगाव, इंदूर वा बडोदा येथील डॉक्टर कुटुंबाला हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. पर्यटक म्हणून एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. मात्र रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास पर्यटकाला सरकारी दराच्या दीडपट शुल्क पडू शकते. प्रवास विम्याविना जाऊ नये, तोही जुने आजार स्पष्ट नोंदवूनच घ्यावा.

तेव्हा परदेशगमनाचा निर्णय होतो त्याच बैठकीत येथे मागे राहणाऱ्यांची व्यवस्थाही ठरावी. औषधोपचार कोण पाहील, रात्री-अपरात्री हाकेला कोण धावेल, आर्थिक व्यवहारांचे अधिकारपत्र कोणाकडे असेल, हे मोकळेपणाने बोलले जावे. आपल्या समव्यावसायिकांचे आईवडील ही आपणा सर्वांचीच जबाबदारी मानून वैद्यकीय मंडळांनी या कामी पुढाकार घेतला, तर जाणाऱ्याचे पाऊल निर्धास्तपणे पडेल आणि राहणाऱ्यांनाही त्यांच्या कर्तृत्वाचा आनंद निर्भेळपणे घेता येईल.