पाळीव सशाचा आहार व पचनबिघाड : बीड जिल्ह्यातील चाऱ्याच्या संदर्भात

प्रास्ताविक :

बीड जिल्ह्यातील पशुधनाचा विचार गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांच्याभोवतीच फिरतो आणि ते स्वाभाविकही आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा प्रदेशात हौसेखातर पाळलेल्या सशाच्या वैरणीची चिंता करणे काहींना चैनीचे वाटेल. तथापि मुलांच्या आग्रहाखातर शहरातील घरांतून ससा पाळला जातो आणि बहुधा माहितीअभावीच तो दगावतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरीही असा एक ससा होता. दिवाळीत पाहुण्या मुलांनी त्यास दोन दिवस बिस्किटे, पोळी व भिजवलेली हरभरा डाळ खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात अंग आखडून बसला. दमला असेल, या समजुतीने आम्ही रात्र जाऊ दिली. सकाळी तो मृत आढळला. आदल्या दुपारपासून पिंजऱ्यात एकही लेंडी पडली नव्हती, ही गोष्ट मागाहून ध्यानात आली. ज्या घरात बैलाने रवंथ थांबविताच धावपळ होत असे, त्याच घरात सशाचे हे लक्षण कोणालाही वाचता आले नाही.

पचनसंस्थेचे वेगळेपण :

पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) हा मूळचा युरोपातील प्राणी. आपल्या शिवारात आढळणारा रानससा ही वेगळी जाती असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. सुगीत सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणणे म्हणूनच योग्य नव्हे.

गुरे आणि ससा दोन्ही जीवाणूंच्या साहाय्याने गवत पचवितात, परंतु स्थान भिन्न आहे. गुरांत हे कार्य अन्नमार्गाच्या आरंभी, कोठीपोटात होते. सशात ते लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीवरील अंधनाल या मोठ्या पिशवीत होते. मोठ्या आतड्यात अन्नाची विभागणी होते. जाड तंतू पुढे ढकलले जाऊन कोरड्या, गोल लेंड्या बनतात. बारीक कण व द्रव मागे अंधनालेत परततात. तेथे आंबवण होऊन मऊ, बुळबुळीत आवरणाच्या लेंड्या तयार होतात व ससा त्या गुदद्वाराशीच तोंड लावून खातो. पाहणाऱ्यास हे किळसवाणे वाटते, पण त्यांतून त्यास प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळतात. एका अर्थी हेच त्याचे रवंथ होय.

या यंत्रणेत जाड तंतूंचे महत्त्व पोषणापेक्षा गतीसाठी अधिक आहे. तंतू कमी झाले की आतड्यांची हालचाल मंदावते. पिष्टमय पदार्थ वाढले की अंधनालेतील जीवाणूंचा समतोल ढळून वायू व विषारी द्रव्ये निर्माण होतात. शिवाय सशास ओकारी करता येत नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढतात व गवत चघळूनच झिजतात. मऊ अन्नावर वाढलेल्या सशाच्या दाढा टोकदार होऊन तोंडात जखमा होतात व तो खाणे सोडतो.

आहार :

आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग गवत किंवा वाळलेली वैरण असावी. आपल्याकडे हरळी, मारवेल व पवन्या ही गवते पावसाळ्यानंतर कापून सावलीत वाळवून ठेवता येतात. पक्व ज्वारीच्या कडब्याचा पाला त्यास पूरक ठरतो. बुरशीचा वास येणारी पेंढी मात्र टाळावी. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांतील विषारी द्रव्याने गुरे दगावतात, हे शेतकरी जाणतातच. सशासही ते घालू नयेत. लसूणघास पिलांना उत्तम, परंतु त्यात चुना अधिक असल्याने प्रौढ सशाचा तो मुख्य आहार नसावा. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा थोडा चालतो. गाजर हा सशाचा आहार नसून गोड खाऊ आहे. गाजरगवत तर नावापुरतेच गाजराचे. ते विषारी आहे.

गुरांची पेंड चिमूटभर सशासही देण्याची पद्धत घातक आहे. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य मोठ्या जनावराचे कोठीपोट बऱ्याच अंशी निष्प्रभ करते. सशाजवळ ती सोय नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन त्यास अल्प प्रमाणातही बाधते. आहारातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

पचनबिघाड :

दोन अवस्थांत गल्लत होते. मागील भागास मऊ लेंड्या चिकटल्या आहेत, पण कोरड्या लेंड्याही पडत आहेत, तर ती बहुधा हगवण नसते. खुराक जास्त व गवत कमी होत असल्याची ती खूण असते. पातळ पाण्यासारखी हगवण मात्र, विशेषतः आईपासून लवकर तोडून बाजारात आणलेल्या पिलांत, काही तासांत जीव घेऊ शकते.

सर्वांत फसवी अवस्था आतडी थंडावण्याची. लेंड्या लहान होतात, मग थांबतात. ससा दात करकरवितो, कान गार पडतात. दहा-बारा तास न खाणे ही तातडीची बाब समजावी. येथे आपला घरगुती संस्कार आड येतो. पोट बिघडले की लंघन, हा माणसांसाठीचा विचार सशास लावल्यास त्याची आतडी अधिकच थंडावतात व यकृतात चरबी साचते. पोट फुगून ताठ झाले नसेल तर पाणी व गवताचा पातळ लगदा सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडा थोडा द्यावा. फुगले असल्यास अडथळ्याची शक्यता असते, तेव्हा बळेच काही भरवू नये.

घरातील गोळ्यांचा प्रयोग तर कटाक्षाने टाळावा. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास अंधनालेतील उपयुक्त जीवाणू नष्ट होऊन क्लॉस्ट्रिडियम वर्गातील जीवाणू माजतात व ससा मरतो.

उन्हाळ्यात ही जोखीम वाढते. सशास घाम जवळजवळ येत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या वर तो अस्वस्थ होतो व खाणे कमी करतो, आणि बीडचा मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो. पिंजऱ्यावर ओले गोणपाट, मातीच्या भांड्यात पाणी आणि वैरण पहाटे व सायंकाळनंतर, एवढे तरी करावे.

तालुक्याच्या दवाखान्यातील पशुवैद्यकाकडे सहसा गुरेच येतात. गुंतागुंत वाटल्यास परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये जवळची आहेत. नेताना शेवटची लेंडी केव्हा पडली ती वेळ, आदल्या दोन दिवसांतील खाद्य व असतील त्या लेंड्या सोबत न्याव्यात, आणि पेटीत मूठभर वाळले गवत ठेवावे. ससा वाटेत खाऊ लागला तर तेही पशुवैद्यकास सांगावे.