मूत्रपिंडाबरोबर जाणारा रक्तदाब
क्योटोच्या ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३मध्ये उच्च रक्तदाब वारशाने येणारा उंदरांचा वाण जगापुढे आणला. पुढे अशा उंदराचे मूत्रपिंड निरोगी उंदरात बसवले, तर त्याचाही दाब चढला! म्हणजे दोषाचा मोठा वाटा मूत्रपिंडातच. पण अख्ख्या अवयवात रक्त, मज्जातंतू, संप्रेरके यांची सरमिसळ असते. दाब वाढवणारे मीठ मूत्रपिंडात नेमके कुठे अडते, ते उलगडत नाही. म्हणून मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी काढून बशीत वाढवतात. एरवी त्या काही विभाजनांनंतर थकतात. एसव्ही-४० विषाणूचे एक जनुक घातले, की वाढत राहतात. उच्च रक्तदाबाचा आणि निरोगी अशा दोन्ही वाणांच्या पेशींतली सोडियमची ने-आण मग शेजारी-शेजारी मोजता येते. मात्र बशीत दीर्घकाळ राहिलेली पेशी मूळ गुण हळूहळू गमावू शकते. मला हीच सर्वांत मोठी अडचण वाटते. पेशीची ओळख पुन्हापुन्हा तपासावी लागते.