शरीररक्षक पेशींचा कासरा

बैल जितका जोमदार, तितका त्याचा कासरा मजबूत असावा लागतो, हें भंडाऱ्याकडील धानकऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. चिखलणीच्या वेळीं दोन प्रकारचे बैल निरुपयोगी ठरतात : एक अंगांत बळ नसलेला, दुसरा बळ असून न आवरणारा. मनुष्याच्या शरीरांत रोगजंतूंशीं लढणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांसहि हाच न्याय लागू पडतो. त्यांना जोर हवा आणि त्या जोरास आवरणारा कासराहि हवा. असा एक कासरा म्हणजे या पेशींच्या पृष्ठभागावर उगवणारें एक प्रथिन. त्यास शास्त्रज्ञ 'पीडी-१' म्हणतात. तें घडविणारें जनुक कोठें जागें होतें आणि कोठें निजून राहतें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून कर्करोगावरील एक नवी चिकित्सा निघाली आहे. तोंडाच्या कर्करोगानें विदर्भांतील अनेक घरें ग्रासलीं आहेत. म्हणून या भागास तिची ओळख असणें अगत्याचें आहे.

प्रथम जनुक म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. पेशीच्या केंद्रांत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, आणि त्यांवर सुमारें २० हजार प्रथिनें घडविण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. एका प्रथिनाची सूचना म्हणजे, स्थूलमानानें, एक जनुक. तांबड्या रक्तपेशींसारखे थोडे अपवाद सोडल्यास हा सारा ग्रंथ प्रत्येक पेशीजवळ असतो. परंतु प्रत्येक पेशी तो सारा वाचीत नाहीं. शाळेच्या कपाटांत सर्व इयत्तांचीं पुस्तकें असलीं, तरी प्रत्येक वर्गांत त्या त्या इयत्तेचेंच पुस्तक उघडलें जातें, तसाच हा प्रकार आहे. यकृताची पेशी आपलीं पानें उघडते, डोळ्याची पेशी आपलीं. जनुकाचें पान उघडून त्याबरहुकूम प्रथिन तयार होणें, यास त्या जनुकाची अभिव्यक्ति म्हणतात.

पीडी-१ चें जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. जपानमधील क्योतो विद्यापीठांत तासुकु होन्जो व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं तें शोधून काढलें. मरणोन्मुख पेशींत कोणतीं जनुकें जागीं होतात याचा ते तपास करीत होते. हें जनुक पेशीस मरण आणणारें असावें असें वाटून त्यांनीं त्यास तसेंच नांव दिलें. पुढें निराळेंच सत्य बाहेर आलें. हें जनुक काढून टाकलेले उंदीर वाढविले, तेव्हां वय होतां होतां त्यांचे सांधे व मूत्रपिंडें यांना दाह होऊं लागला. ही गोष्ट १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. २००१ सालीं दुसऱ्या एका वाणाच्या उंदरांत हृदय विस्तारून दुबळें झालेलें आढळलें. बाहेरचा शत्रु कोणीच नव्हता. उंदरांच्या रक्षक पेशीच घरच्या अवयवांवर उठल्या होत्या. कासरा तुटलेला बैल धुरा ओलांडून उभ्या पिकांत शिरतो, त्यांतलाच हा प्रकार. नांव मरणाचें राहिलें. काम मात्र आवरण्याचें ठरलें.

आतां हा कासरा कोठें दिसतो? रक्तांतील पांढऱ्या पेशींमध्यें 'टी-पेशी' नांवाचा एक वर्ग आहे. रोगग्रस्त पेशी ओळखून त्यांचा नाश करणें हें त्यांतील कित्येकींचें काम. या पेशी स्वस्थपणें फिरत असतात, तेव्हां त्यांवर पीडी-१ जवळजवळ नसतें. एखादी टी-पेशी शत्रूस ओळखून चेतली, म्हणजे सुमारें एका दिवसाच्या आंत तिच्या पृष्ठभागावर तें उगवूं लागतें. प्रतिपिंडें तयार करणाऱ्या बी-पेशी व इतर कांहीं पांढऱ्या पेशी चेतल्या, म्हणजे त्यांवरहि तें येतें. स्नायूंच्या किंवा हाडांच्या पेशींजवळ हें जनुक असूनहि त्याचें पान सामान्यतः मिटलेलें राहतें. निसर्गाची ही व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे : गोठ्यांत निजलेल्या बैलास कासरा लावीत नाहींत, तो जुंपला म्हणजेच लावतात.

परंतु कासरा ओढणारा हातहि हवा. हा हात म्हणजे 'पीडी-एल-१' नांवाचें दुसरें प्रथिन होय. आसपास लढाई पेटली, कीं शरीरांतील अनेक साध्या पेशी तें आपल्या पृष्ठभागावर धारण करतात. गर्भाशयांतील वारेवरहि तें विपुल असतें. मातेच्या रक्षक पेशींनीं गर्भास परका समजूं नये, यास त्याचें साहाय्य होतें. हीं दोन प्रथिनें एकमेकांस भिडलीं, म्हणजे चेतलेल्या टी-पेशीच्या आंत थांबण्याचा इशारा जातो. शत्रु नष्ट झाला, कीं पीडी-१ हि ओसरतें. पण शत्रु महिनोन्महिने ठाण मांडून बसला तर तें ओसरत नाहीं, आणि टी-पेशी जिवंत असूनहि हतबल होतात. मूळचे हैदराबादचे शास्त्रज्ञ रफी अहमद यांनीं अमेरिकेंत उंदरांच्या चिवट विषाणुरोगावर प्रयोग केले. कासऱ्याची ही ओढ रोखली असतां थकलेल्या पेशी पुन्हां कामास लागतात, असें २००६ सालीं त्यांनीं दाखविलें.

कर्करोग नेमका याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतो. अनेक अर्बुदांच्या पेशी स्वतःवर पीडी-एल-१ धारण करतात. त्यांना मारावयास आलेली टी-पेशी दाराशीं पोंचते आणि तेथेंच थिजते. मग पीडी-१ वर बसून तें झांकून टाकणारें प्रतिपिंड बाहेरून दिलें तर? याच विचारांतून निव्होलुमॅब हें औषध तयार झालें. २०१४ सालीं प्रथम जपाननें व नंतर अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. या विषयांतील कार्याबद्दल होन्जो यांस, व अशाच दुसऱ्या एका कासऱ्यावर काम करणारे जेम्स ॲलिसन यांस, २०१८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

औषध आलें, परंतु त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवांक्याबाहेर राहिली. पूर्ण मात्रेचा वर्षाचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरांत जातो. १९४१ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. डोकें व मान या भागांचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रोगी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडण्यांत आले. दोन्ही गटांस पोटांत घेण्याचीं तीन स्वस्त औषधें दिलीं. दुसऱ्या गटास त्याशिवाय दर तीन आठवड्यांनीं केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब शिरेंतून दिलें. या औषधाची एक प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम अशी आहे. सहा आठवड्यांचा हिशेब केला, तर एकीकडे ७२० मिलिग्रॅम व दुसरीकडे ४०, म्हणजे अठरावा हिस्सा होतो. २०२३ सालीं छापून आलेल्या निष्कर्षांप्रमाणें, एका वर्षाअखेर पहिल्या गटांत शेंकडा १६.३ रोगी हयात होते, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ४३.४.

इतकी अल्प मात्रा कशी पुरली? याचें उत्तर अभिव्यक्तीच्या प्रश्नांतच आहे. पीडी-१ हें शरीरभर पसरलेलें नसून ठराविक पेशींवरच असतें. तेवढ्या जागा एकदां भरल्या, म्हणजे उरलेल्या औषधास बसावयास ठिकाणच राहत नाहीं. पेला भरल्यावर घागर ओतली तरी पेल्यांत अधिक पाणी मावत नाहीं.

या यशाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. त्या प्रयोगांत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशीं केलेली नव्हती. अल्प मात्रा मिळालेल्या गटांतील निम्मे रोगीहि सुमारें दहा महिन्यांपलीकडे जगले नाहींत. औषधानें आयुष्य वाढविलें, रोग समूळ काढला नाहीं. शिवाय कासरा सैल केल्यावर रक्षक पेशी कधीं कधीं फुप्फुस, आंतडें, यकृत किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि यांवरच उठतात. म्हणून हें औषध तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें असतें.

यावरून भंडारा जिल्ह्यानें घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सुपारीची भरड, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा येथें पानठेल्यावर मिळतो, आणि पाहुण्यास पुढें करण्यांतहि कोणास वावगें वाटत नाहीं. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली. संवय मात्र सरकारी हुकुमानें सुटत नाहीं. तंबाखूप्रमाणेंच नुसती सुपारीहि कर्करोगकारक आहे, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें जाहीर केलें आहे. तोंडांत पांढरा अगर तांबडा चट्टा उमटणें, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहणें, तोंड पुरतें न उघडणें, हीं चिन्हें दिसतांच जिल्हा रुग्णालय गांठावें. भंडाऱ्याहून सुमारें साठ किलोमीटरवरील नागपुरांत राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. रोग लहान असतां शस्त्रक्रियेनें तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते. बळावल्यावर मात्र उरतो तो महिन्यांचा हिशेब. पेशींचा कासरा केव्हां ओढावा व केव्हां सैल सोडावा, हें शास्त्रज्ञांनीं मोठ्या कष्टानें शिकून घेतलें आहे. खर्र्याकडे वळणाऱ्या हाताचा कासरा मात्र ज्याच्या त्याच्याच मुठींत आहे.