राउटरला पत्ता मिळाला, बाहेरची वाट मिळाली नाही

दुकानातले इंटरनेट बंद पडले की आपण राउटरची वायर काढतो, पुन्हा लावतो, दोन मिनिटे थांबतो आणि मग दुरुस्तीवाल्या मुलाला फोन करतो. तो येतो, राउटरचे दिवे पाहतो आणि बहुधा एकच निदान करतो, "राउटर गेला, नवा घ्या." हे निदान कधी खरेही असते. परंतु २०२४ च्या पावसाळ्यात भिवंडीतील गाळ्यांच्या एका इमारतीत ते साफ चुकीचे ठरले. चार व्यापारी बांधवांनी त्यापायी नवे राउटर विकत घेतले आणि एकाचा माल दिवसभर ट्रान्सपोर्टच्या दारात पडून राहिला. त्या तपासात आम्ही सुरुवातीपासून बसलो होतो, म्हणून ही हकीगत आमच्या वाचकांसमोर ठेवीत आहोत. गाळे, मार्केट किंवा सामाईक कारखाना असलेल्या कोणावरही हा प्रसंग येऊ शकतो.

इमारतीत चौतीस गाळे आहेत. सुताचे व्यापारी, ग्रे कापडाचे दलाल, एम्ब्रॉयडरीचे कारखानदार, दोन ट्रान्सपोर्टवाले आणि एक छापखाना. सर्वांनी मिळून इंटरनेटची एक मोठी लाइन घेतलेली आहे. ती तळमजल्यावरील मुख्य यंत्रात येते आणि तेथून प्रत्येक गाळ्याला एक वायर जाते. गाळ्यात ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे राउटर लावला आहे. कोणाचा आठ-दहा वर्षांचा जुना, कोणाचा गेल्या ईदला घेतलेला. मुख्य यंत्राशेजारी एक लहान संगणक चोवीस तास चालू असतो. त्याचे काम एवढेच की, ज्या गाळ्याचा राउटर चालू होईल त्याला नेटवर्कचा पत्ता देणे. यालाच डीएचसीपी सर्व्हर म्हणतात.

सोमवारी संध्याकाळपर्यंत सर्व ठीक होते. त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास एका गाळ्यातले इंटरनेट गेले. रात्री आणखी दोघांचे गेले. मंगळवारी सकाळी दुकाने उघडली तेव्हा नऊ गाळे बंद आणि पंचवीस चालू. सर्वांचे एकदम गेले असते तर लाइनवरच संशय गेला असता. एकेक करून गेल्यामुळे ज्याच्या त्याच्या राउटरवर खापर फुटले. दुरुस्तीच्या मुलाने आपल्या पिशवीतील एक जुना राउटर काढून एका बंद गाळ्यात लावून दाखविला, तो लगेच चालला. मग काय, निकाल लागला! "लाइन चांगली आहे, तुमचेच यंत्र बिघडले."

ग्रे कापडाच्या एका व्यापाऱ्याचे तागे राजस्थानला जायचे होते. पन्नास हजार रुपयांवरचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. ते बिल मोबाइलवरूनही काढता येते हे खरे, परंतु त्यांचे सर्व हिशेब आणि इनव्हॉइस गाळ्यातील संगणकावर, ते काम करणारा मुनीम सुटीवर, आणि त्यांचा मोबाइलवर विश्वास नाही. ट्रक निघून गेला. एम्ब्रॉयडरीवाल्या भाईंची अडचण वेगळीच होती. त्यांची डिझाइनची फाइल मुंबईहून येते. ती न आल्याने मशीन उभी आणि कारागीर बसून. त्यांनी दुपारीच बाजारातून नवा, चांगला महाग राउटर आणला. तो लावला, दिवे हिरवे झाले, पण इंटरनेट नाही. तेव्हा आम्हाला प्रथम शंका आली. नवा राउटर चालत नाही आणि पिशवीतला जुना चालतो, हा कुठला न्याय?

आता राउटर आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणे होते, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. राउटर चालू झाला की तो वायरवर हाक देतो, "येथे कोणी पत्ता देणारा आहे काय?" सर्व्हर म्हणतो, "हा पत्ता देऊ शकतो." राउटर म्हणतो, "मग तोच द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला, अमुक तासांसाठी." या चार निरोपांचे नियम राल्फ ड्रोम्स यांनी लिहिले. मार्च १९९७ मध्ये निघालेला त्यांचा मसुदा अजूनही पायाभूत मानला जातो. परंतु नुसता पत्ता मिळून भागत नाही. राउटरला चार गोष्टी लागतात. स्वतःचा पत्ता, आपल्या मोहल्ल्याची हद्द कुठपर्यंत हे सांगणारा मास्क, नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस, आणि मोहल्ल्याबाहेर जायचे तर कोणत्या वेशीतून जायचे ते, म्हणजे गेटवे. यातील एक जरी राहिली तरी दिवे हिरवे दिसतात आणि काम मात्र होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याला काय काय हवे याची यादी राउटर स्वतः पाठवितो. किराणा दुकानात चिठ्ठी पाठवावी तसेच. प्रत्येक गोष्टीला क्रमांक ठरलेला आहे. मास्कला १, गेटवेला ३, डीएनएसला ६. बहुतेक सर्व्हर चिठ्ठीत जे लिहिले असेल तेच बांधून देतात. चिठ्ठी प्रत्येक कंपनीच्या राउटरची वेगळी असते. म्हणून एकाच सर्व्हरकडून एका गाळ्याला पूर्ण सामान आणि शेजारच्या गाळ्याला अर्धवट, असे होऊ शकते. हे कळले की "सर्व्हर बिघडला की राउटर" हा वाद अर्ध्यावरच मिटतो.

आम्ही एम्ब्रॉयडरीवाल्यांच्या नव्या राउटरचे पान संगणकावर उघडले. पत्ता होता, १९२.१६८.१०.४७. मास्क होता. डीएनएस होता. गेटवेच्या जागी शून्ये. इतर आठ बंद गाळ्यांत जाऊन पाहिले, तेथेही तसेच. वाचक हो, दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे एक पान जरूर पाहावे आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दिव्यांवरून काही कळत नाही.

पहिला संशय असा आला की, कोणीतरी आपल्या राउटरची वायर चुकीच्या भोकात घातली असावी. मार्केटमध्ये ही चूक नेहमीची. बाहेरून येणारी वायर वॅनच्या भोकात जायला हवी. ती लॅनच्या भोकात गेली तर तो राउटरच सगळ्या इमारतीला पत्ते वाटू लागतो आणि दोन सर्व्हर होऊन बसतात. परंतु पत्ता कोणी दिला हे उत्तरात नमूद असते. नऊही ठिकाणी आपल्याच सर्व्हरचे नाव निघाले. ती शंका गेली. सर्व्हरची नोंदवही पाहिली तर तीत सर्व आलबेल. सर्वांनी मागितले, सर्वांना दिले. साध्या नोंदीत पत्ता लिहिला जातो, सोबत काय काय बांधून दिले ते लिहिले जात नाही.

खरा धागा चहा पिताना मिळाला. छापखान्याचे मालक सहज म्हणाले, "इंटरनेट नाही, पण गॅलरीतले कॅमेरे मात्र आजपासून छान दिसतात." शेजारचे सूत व्यापारी म्हणाले, "माझे उलटे आहे चाचा. इंटरनेट आहे, कॅमेरे दिसत नाहीत." आम्ही लगेच सर्व गाळ्यांत विचारून आलो. बंद नऊ गाळ्यांत कॅमेरे दिसत होते. चालू पंचवीस गाळ्यांत एकातही नाही.

सोमवारी दुपारी चार वाजता इमारतीत कॅमेऱ्यांचे काम झाले होते. कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे, १९२.१६८.५० ने सुरू होणारे, आणि तिकडे जाण्याचे दार १९२.१६८.१०.५ या यंत्रातून. प्रत्येक गाळ्यातून कॅमेरे दिसावेत म्हणून काम करणाऱ्याने डीएचसीपी सर्व्हरात एक ओळ वाढविली, "कॅमेऱ्यांकडे जायचे तर या दाराने जा." अशा खास वाटा सांगण्यासाठी १२१ क्रमांकाची सोय आहे. तिचे नियम डिसेंबर २००२ मध्ये ठरले. त्या नियमांत एक कलम आहे, तेच आपल्याला नडले. सर्व्हरने १२१ ची वाटांची यादी आणि ३ क्रमांकाचा गेटवे असे दोन्ही पाठविले, तर १२१ समजणाऱ्या राउटरने ३ कडे लक्ष द्यायचे नाही. सर्व वाटा, बाहेरची वाटसुद्धा, १२१ मध्येच लिहिलेली असली पाहिजे.

तेव्हा झाले ते असे. नवे राउटर आपल्या चिठ्ठीत १२१ मागतात. त्यांना ती यादी मिळाली, तीत फक्त कॅमेऱ्यांची वाट होती. नियमाप्रमाणे त्यांनी गेटवे बाजूला ठेवला आणि ते वेशीच्या आतच बसून राहिले. जुन्या राउटरांना १२१ ठाऊकच नाही. त्यांनी ती मागितली नाही, त्यांना साधा गेटवे मिळाला, त्यांचे इंटरनेट चालू राहिले आणि कॅमेऱ्यांचा पत्ता मात्र त्यांना कळला नाही. पिशवीतला राउटर का चालला, आणि महाग राउटर का चालला नाही, याचा उलगडा येथे होतो. ज्याने नियम पाळला तोच बिघडलेला ठरला!

एकेक करून गाळे का बंद पडले, तेही सांगतो. पत्ता मुदतीने मिळतो. येथे मुदत चोवीस तासांची होती. अर्धी मुदत सरली की राउटर नूतनीकरण मागतो आणि त्या वेळी नवी माहिती घेतो. प्रत्येकाची वेळ निराळी. सोमवारी चारला केलेला बदल कोणाकडे सहाला पोचला, कोणाकडे मध्यरात्री, आणि जे रात्री दिवा-पंख्याबरोबर राउटरही बंद करून जातात त्यांच्याकडे सकाळी शटर उघडल्यावर. त्यामुळे दुपारचा बदल आणि रात्रीचा बिघाड यांचा संबंध कोणी जोडला नाही.

खात्री करून घेणे आवश्यक होते. त्या संगणकावर डीएनएसमास्क नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात डीएचसीपीची सविस्तर नोंद ठेवण्याची एक ओळ घातली की, कोणी काय मागितले आणि त्याला काय दिले हे क्रमांकासह दिसू लागते. दुसरा सर्व्हर असेल तर टीसीपीडम्प किंवा वायरशार्क लावून ६७ आणि ६८ या पोर्टांवरचे बोलणे पाहावे. आम्ही एक बंद आणि एक चालू गाळा, दोघांचे राउटर पुन्हा चालू करविले आणि दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर ठेवल्या. एकीत १२१ होता, दुसरीत नव्हता. अशा कामात बंद यंत्राकडे एकटक पाहत बसण्यापेक्षा चालणाऱ्या यंत्राशी त्याची तुलना करावी, असा आमचा अनुभव आहे.

दुरुस्ती एका ओळीची. १२१ च्या यादीत कॅमेऱ्यांच्या वाटेपुढे बाहेरची वाटही लिहिली, ०.०.०.०/० आणि तिचे दार १९२.१६८.१०.१. जुन्या राउटरांसाठी ३ क्रमांकाची ओळ तशीच राहू दिली. ती काढली असती तर पंचवीस गाळे बंद पडले असते. काही सर्व्हरांत ही यादी सुट्या आकड्यांत द्यावी लागते. तेथे कॅमेऱ्यांची वाट २४, १९२, १६८, ५०, १९२, १६८, १०, ५ अशी आठ आकड्यांची होते आणि बाहेरची वाट ०, १९२, १६८, १०, १ अशी पाचच आकड्यांची. पहिला आकडा हद्द सांगतो. शून्य हद्दीला पुढे पत्त्याचे आकडे लागत नाहीत, आणि येथेच लिहिणारा चुकून चार शून्ये वाढवितो. मग सगळी यादीच बिघडते.

आमच्या मते ही वाट गाळ्यागाळ्यांतील राउटरांना शिकविण्याऐवजी मुख्य यंत्रातच लिहिणे अधिक बरे. ते एकच यंत्र सर्वांना कॅमेऱ्यांकडे वळवू शकते, आणि जुन्या राउटरांनाही कॅमेरे दिसतात. परंतु ते यंत्र इंटरनेट कंपनीचे. तिने आत हात लावू दिला नाही, म्हणून काम करणाऱ्याने हा मार्ग काढला. त्याचा हेतू वाईट नव्हता. बदल केला तेव्हा त्याने एकाच, जुन्या राउटरवर तपासले असावे, आणि कोणाला सांगितले मात्र नाही.

अर्धवट माहिती मिळण्याची दुसरीही कारणे आहेत. गाळे वाढले म्हणून सर्व्हरात पत्त्यांचा दुसरा गट काढला आणि गेटवे पहिल्याच गटापुरता लिहिलेला राहिला, तर नव्या गटातील सर्वजण अडकतात. येथे बंद पडलेल्यांचे पत्ते एकाच पट्ट्यातले निघतात, कंपनी कोणतीही असो. आमच्याकडे पत्ते विखुरलेले आणि राउटर मात्र नव्या घाटाचे होते. एवढा फरक कागदावर मांडला तरी अर्धा तपास होतो.

मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास नऊही राउटर बंद करून पुन्हा चालू केले आणि इंटरनेट आले. ग्रे कापडाचा माल बुधवारी गेला. एक दिवसाच्या उशिराबद्दल व्यापाऱ्यांना फोनवर बरेच ऐकून घ्यावे लागले. नवे राउटर घेतलेल्या चौघांपैकी तिघांचे दुकानदाराने परत घेतले. चौथ्याने आपला जुना राउटर रागाच्या भरात भंगारवाल्याला देऊन टाकला होता, त्याने नवाच ठेवला. त्याच्या पैशांचा प्रश्न इमारतीच्या कमिटीपुढे गेला. निम्मी रक्कम सामाईक निधीतून द्यावी असे ठरले, कारण बदल सामाईक यंत्रात झाला होता. त्याच बैठकीत तळमजल्याच्या त्या संगणकाशेजारी एक वही टांगण्यात आली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि कोणत्या दोन राउटरांवर, एका जुन्या आणि एका नव्या, तपासून पाहिली, एवढेच तीत लिहायचे. पहिली नोंद कॅमेरे लावणाऱ्यानेच केली.