चारचा सामना

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या हंगामात दिवसाला साधारण दोन सामने होतात, पहिला दुपारी दोनला आणि दुसरा चारला. वार कोणता, याला फारसे महत्त्व नसते. मंगळवार असो की गुरुवार, चारच्या सामन्यात दोन मातब्बर पेठा समोरासमोर असतील तर साडेतीनपासूनच गॅलरी भरू लागते. हापिसातून अर्धी रजा टाकून आलेले, दुकान धाकट्या भावावर सोपवून आलेले, कॉलेजचा शेवटचा तास बुडवून आलेले, असे सगळेच त्या गर्दीत असतात. हा फुटबॉल देशातल्या कोणत्याही व्यावसायिक साखळीचा भाग नाही. इथला विजेता थेट आय-लीगमध्ये जात नाही. जिंकले तर चषक, थोडी बक्षिसाची रक्कम आणि पेठेतली मिरवणूक, एवढेच पदरात पडते. तरीही ही गर्दी वर्षानुवर्षे टिकून आहे.

मुळात हे शहर कुस्तीचे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतून तालमी भरल्या. फुटबॉल आला तेव्हा त्याला ही तयार मांडणी मिळाली. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला तो गोऱ्या पलटणींच्या जिवावर. कोल्हापुरात खेळाला आधार मिळाला तो तालमींचा. तालमीकडे तरणी पोरे होती, व्यायामाची सवय होती, बसाउठायला जागा होती आणि शेजारच्या पेठेशी जुनी चुरसही होती. उणीव होती ती चेंडूची. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत खेळांना दरबारचे पाठबळ मिळाले आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा आणि या संस्थेचा संबंध आजही तुटलेला नाही. ज्या जागी आज स्टेडियम आहे तिथे पूर्वी रावणेश्वर तळे होते. शहरातली बरीच तळी अशीच बुजली, पण मैदान होण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले.

संघांची नावे वाचली तरी शहराचा नकाशा समोर येतो. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, शिवाय दिलबहार, बालगोपाल आणि खंडोबा या तालमी, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, जुना बुधवार पेठ, संध्यामठ तरुण मंडळ आणि ऐकताच दचकायला लावणारी उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यांतला एकही संघ कंपनीच्या मालकीचा नाही. तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते, कुणाच्या घरी मयत झाली तर माणसे उभी करते आणि निवडणुकीत कुणाच्या बाजूने राहायचे हेही ठरवते. फुटबॉल हे तिच्या अनेक कामांपैकी एक, पण बाहेरच्या माणसाला सगळ्यात आधी दिसणारे. त्यामुळे संघ हरला म्हणून समर्थक दुसऱ्या संघाकडे वळत नाही. त्यासाठी त्याला घरच बदलावे लागेल.

हंगाम पावसाळा सरल्यावर खेळाडूंच्या नोंदणीने उघडतो. आधी केएसएची वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा होते. सोळा संघ त्यांच्या दर्जाप्रमाणे दोन गटांत खेळतात आणि तळाला राहणाऱ्यांना खालच्या गटात उतरावे लागते. साखळी संपली की बाद फेरीच्या चषक स्पर्धा सुरू होतात आणि खरा रंग तेव्हाच चढतो. सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक ही त्यांतली काही नावे. चषकांची नावे ओळीने वाचली तर शहराच्या राजकारणाचाही अंदाज येतो. या स्पर्धा अनेकदा एखादी तालीमच भरवते. म्हणजे यजमान, स्पर्धक आणि प्रेक्षक या तिन्ही भूमिका एकाच पेठेकडे येतात, आणि पंचांच्या निर्णयावर वाद का होतात हे त्यावरून उमजते. वळवाचे पाऊस सुरू झाले की मैदान चिखलाचे होते आणि हंगाम आवरता घ्यावा लागतो.

पहिल्यांदा सामना पाहायला जाणाऱ्याने आपण कुठे बसतो आहोत ते आधी पाहावे. गॅलरीत पाट्या नसतात, पण कोणत्या पायऱ्या कोणाच्या हे सगळ्यांना ठाऊक असते. दोनचा सामना रेंगाळत पाहिला जातो. ऊन डोक्यावर असते, लोक सावली धरून बसतात, भडंग आणि शेंगदाण्याच्या पुड्या फिरतात, शेजाऱ्याशी मागच्या वर्षीचा हिशेब निघतो. साडेतीननंतर हवा बदलते. झेंडे येतात, घोषणा सुरू होतात, एका बाजूच्या आरोळीला दुसऱ्या बाजूची आरोळी उत्तर देते. संघ मैदानात उतरताना बरेच खेळाडू वाकून मातीला हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. ही आखाड्यातली रीत.

खेळाची धाटणी थेट आहे. मार्चनंतर मैदान टणक होते, चेंडू जास्त उसळतो, त्यामुळे मागून लांब फटका आणि पुढे धावणारा चपळ फॉरवर्ड ही जोडी चालते. मधल्या फळीत कुणी चेंडू फार वेळ पायात ठेवला की गॅलरीतून ‘दे की लवकर!’ असा ओरडा होतो, आणि त्यानेच पुढच्या क्षणी दोघांना चकवले तर तीच गॅलरी उभी राहते. स्थानिक वर्तमानपत्रे मैदानी गोल आणि टायब्रेकरवरचा गोल यांत काटेकोर फरक करतात. बाद फेरीचे सामने टायब्रेकरपर्यंत गेले तर मावळतीचा उजेड हा तिसरा पंच ठरतो. सामना संपल्यावर दोन बक्षिसे दिली जातात, सामनावीर आणि लढवय्या खेळाडू. दुसऱ्या बक्षिसाची पद्धत फार मोलाची आहे. गोल न करता, कधी हरणाऱ्या संघातूनही, सामनाभर जिवाच्या आकांताने धावलेल्या पोराची तिथे दखल घेतली जाते.

या खेळाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पेठेची अस्मिता गोलफलकापाशी थांबत नाही. खेळाडूंची झटापट गॅलरीत पसरणे, दगड भिरकावले जाणे, सामन्यानंतर दोन पेठांच्या हद्दीवर हाणामारी होणे, हे वारंवार घडले आहे. मोठ्या सामन्यांना पोलिसांचा बंदोबस्त असतोच. खेळाडूंवर बंदी, संघांवर कारवाई, प्रसंगी स्पर्धाच थांबवणे, हे उपाय करून झाले. त्यांचा परिणाम हंगामापुरता टिकतो. बायका-मुलींनी गॅलरीत यावे असे सगळे आयोजक म्हणतात, पण त्यांची संख्या थोडीच राहिली आहे, त्यामागे हेच कारण असावे. मुलींचा खेळ मात्र याच शहरात वाढला आणि एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ राष्ट्रीय पातळीवरच्या इंडियन वुमेन्स लीगपर्यंत पोहोचला.

पैसा इथेही आला आहे. काही संघांतून नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडू खेळतात, त्यांचा खर्च तालमीचे हितचिंतक उचलतात. परक्या खेळाडूमुळे पेठेतल्या पोराची जागा जाते, ही तक्रार दर हंगामाला होते. ती खोटी नाही. पण याच पाहुण्या खेळाडूने शेवटच्या मिनिटाला गोल केला की त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत तक्रार करणारेच पुढे असतात.

कोल्हापूरच्या या टिकाऊपणाचे मोल पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे पाहिले की नीट कळते. वाकडसमोर मुळा ओलांडली की बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधले गेले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. दिवे, खुर्च्या, हिरवळ, कशाचीच वाण नव्हती. इथे खेळणारा पुणे एफसी हा संघ २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि त्यानंतर काही वर्षांतच गुंडाळला गेला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम आय-लीग खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. या संघांना चाहते नव्हते असे नाही. पुणे सिटीच्या नारिंगी शर्टातली पोरे आठवड्यातल्या रात्रीच्या सामन्यांनाही येत. पण संघ मालकाचा होता. मालकाचा ताळेबंद बिघडला की चाहत्याच्या हाती शर्ट तेवढा उरला. तालमीचा संघ एखाद्या वर्षी कंगाल होईल, खालच्या गटात जाईल, पण तो विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र कोल्हापूरला पुण्याची गरज लागली. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तो क्रीडा प्रबोधिनीमार्फत पुण्यात आला, पुणे एफसीच्या अकादमीत घडला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. निखिल कदम हाही कोल्हापूरचाच, तोही पुण्याच्या संघांतून पुढे कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत गेला. पेठेतला फुटबॉल खेळाडूला धीट करतो, पण शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, आहार आणि वर्षभराचा सराव त्याच्याकडे नाही. व्यावसायिक संघ बंद पडल्याने कोल्हापूरच्या पोरांची ही जवळची वाट अरुंद झाली, याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी आठवड्याच्या मधला सामना ही अडचण नसून सोय ठरते, कारण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एरवी सामने यूट्यूबवर थेट दिसतात आणि सेकंड शिफ्टचा माणूस जेवणाच्या सुट्टीत निकाल विचारून घेतो. अंतिम सामना गुरुवारी आला तर प्रत्यक्ष जाणेही जमते. पुणे ते कोल्हापूर अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघालेली एसटी दुपारी पोहोचवते, चारचा सामना उजेड असेतो आटोपतो आणि रात्रीची गाडी पकडून शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला कार्ड पंच करता येते. टायब्रेकर लागला तर गाडी चुकण्याची तयारी ठेवावी.