व्हॉल्व्ह-अँप्लिफायर आणि स्पीकर : जुळणीचा विचार

बाजारात ‘पन्नास वॅटचा अँप्लिफायर’ आणि ‘पन्नास वॅटचा स्पीकर’ हे दोन्ही प्रयोग सारखेच रूढ आहेत. व्याकरणदृष्ट्या त्यांची घडण एक असली, तरी ‘चा’ या प्रत्ययाखाली दोन भिन्न, किंबहुना परस्परविरुद्ध संबंध दडलेले आहेत. अँप्लिफायरच्या बाबतीत तो आकडा यंत्र किती शक्ती देऊ शकते हे सांगतो. स्पीकरच्या बाबतीत ते किती शक्ती सोसू शकते, एवढेच. सोसण्याच्या आकड्यावरून स्पीकर किती मोठ्याने वाजेल याविषयी कोणतेही अनुमान काढता येत नाही. घरी मोठ्या आवाजात संगीत ऐकण्याची हौस असणाऱ्यांचा पुष्कळसा पैसा या एका प्रत्ययापायी वाया जातो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये हा घोटाळा अधिकच बाधतो. कारण तेथे वॅट मुळातच थोडे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ३००बी हा १९३८ सालचा ट्रायोड एकटा वापरल्यास सुमारे ८ वॅट देतो. विल्यम्सन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेला आणि पुढे दीर्घकाळ आदर्श मानला गेलेला अँप्लिफायरही १५ वॅटचाच होता. एवढ्या शक्तीत दिवाणखाना दुमदुमेल किंवा नाही, हे स्पीकरच्या संवेदनशीलतेवर ठरते. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर जितके डेसिबेल ध्वनी मिळतो, तो आकडा म्हणजे संवेदनशीलता.

दोन टोकांची उदाहरणे घेऊ. बी.बी.सी.ने १९७० नंतरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतील अरुंद जागेसाठी एल.एस. ३/५ए हा लहानसा स्पीकर तयार केला. त्याची संवेदनशीलता सुमारे ८३ डेसिबेल. उलट, पॉल क्लिप्श यांनी १९४० नंतरच्या दशकात रचलेला क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि दोन्ही भिंतींनाच आपल्या कर्ण्याचा भाग करून घेतो. त्याची संवेदनशीलता सुमारे १०४ डेसिबेल. हा २१ डेसिबेलचा फरक वरवर किरकोळ भासतो. परंतु डेसिबेलच्या मापनात दर १० डेसिबेलला शक्ती दसपट आणि दर ३ डेसिबेलला दुप्पट होते. म्हणजे क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढे वाजण्यास त्या लहान स्पीकरला सव्वाशे वॅट लागतील. आणि तेवढे त्याला सोसवणारही नाहीत. ८ वॅटचा अँप्लिफायर टाकून १६ वॅटचा घेणाऱ्याच्या पदरी अवघे ३ डेसिबेल पडतात. आवाज ‘दुप्पट’ झाल्याचा भास होण्यास मात्र सुमारे १० डेसिबेल हवेत. हेच ८ वॅट ९४ डेसिबेलच्या स्पीकरला दिले, तर १ मीटरवर १०३ डेसिबेल मिळतात आणि बहुतेक घरांत ते पुरून उरतात.

दुसरा प्रश्न ओहमचा. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो, स्पीकर तर ४, ८ किंवा १६ ओहमचा. हा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. ३५०० ओहम आणि ८ ओहम यांचे गुणोत्तर सुमारे ४३७. त्याचे वर्गमूळ जवळजवळ २१, तेच वेढ्यांचे प्रमाण. ८ ओहमच्या टोकाला ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला १७५० ओहमच दिसतात आणि विकृती वाढते. याहून घातक म्हणजे स्पीकर न जोडता अँप्लिफायर चालवणे. भार नसताना ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांत व्होल्टेज भलतेच चढते व इन्सुलेशन फुटू शकते, विशेषतः पेंटोडच्या मंडलात. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला तारा एकमेकींना चिकटण्याचे भय; येथे त्या सुटण्याचे.

त्यातही ‘८ ओहम’ हे केवळ नाव आहे. तोच स्पीकर खर्जातील अनुनादाच्या जागी ३० ओहमपर्यंत जातो. फीडबॅक नसलेल्या ट्रायोड अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असल्यास त्या जागी खर्ज दीड ते दोन डेसिबेलने फुगतो. कित्येकांना हीच ‘ऊब’ वाटते. ती रुचण्यास हरकत नाही. पण तिचे श्रेय केवळ व्हॉल्व्हला देणे योग्य नव्हे, कारण दुसऱ्या स्पीकरवर ती नाहीशी होऊ शकते.

क्षमतेबाहेर गेलेला व्हॉल्व्ह-अँप्लिफायर, विशेषतः फीडबॅक थोडा असल्यास, एकाएकी कर्कश होत नाही. शिखरे हळूहळू दबतात. म्हणून मर्यादा ओलांडल्याचे कानाला उशिरा कळते. संवेदनशील स्पीकरवर स्थिती निराळी असते : ध्वनी स्वच्छ राहतो, म्हणून तो मोठा वाटतच नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या (निऑश) १९९८ च्या निकषानुसार ८५ डेसिबेल आवाज दिवसाला ८ तास ऐकणे ही मर्यादा आहे; पुढे दर ३ डेसिबेलला अवधी निम्मा होतो. १०० डेसिबेलला तो १५ मिनिटांवर येतो, आणि क्लिप्शहॉर्नला तेवढ्या आवाजासाठी १ मीटरवर अर्धा वॅटही लागत नाही.