एक ब्रास वाळूत वाळू किती?

घरबांधणी सुरू झाली, की वाळूचा ट्रक दारात येऊन उभा राहतो. आपल्याकडे वाळू ब्रासच्या हिशेबाने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. ट्रकचा हौदा १० फूट लांब व ५ फूट रुंद असेल आणि त्यात वाळू २ फूट उंचीपर्यंत सपाट भरली असेल, तर १० × ५ × २ = १०० घनफूट. झाली एक ब्रास! पण त्यात खरोखर वाळू किती?

वाळूच्या कणांची घनता क्वार्ट्झ या खनिजाइतकी, म्हणजे दर घनमीटरला २६५० किलोग्रॅम धरतात. परंतु कोरडी वाळू सैल भरून तोलली, तर एका घनमीटरचे वजन सुमारे १६०० किलोग्रॅमच भरते. १६०० ला २६५० ने भागले, की ०.६ येतात. याचा अर्थ, आकारमानाचा ६० टक्के भाग कणांचा आणि ४० टक्के भाग मधल्या हवेचा! या हिशेबाने एक ब्रास कोरड्या वाळूचे वजन सुमारे ४.५ टन होते.

आता सांगा पाहू, एक ब्रास दमट वाळू याहून जड असेल की हलकी? ‘जड’ असे उत्तर चटकन ओठांवर येईल. पण बहुधा ती हलकी असते. दमट वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो. पृष्ठताणामुळे हे थर कणांना एकमेकांशी धरून ठेवतात. कण घसरून खालच्या पोकळीत बसू शकत नाहीत आणि वाळू ‘फुगते’. वजनाच्या ५ टक्के पाणी असले, तर बारीक वाळू २५ टक्के किंवा त्याहूनही अधिक फुगू शकते. मात्र वाळू पाण्यात पूर्ण बुडाली, की हे थर नाहीसे होतात आणि ती पुन्हा कोरडीइतकी जागा व्यापते.

हे तुम्हाला वर्गातच पाहता येईल. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत दमट वाळू न दाबता भरा, सपाट करा आणि उंची मोजा. समजा, ती १५ सें.मी. आहे. मग वाळू बुडेपर्यंत पाणी ओता, सळईने चांगली ढवळा व पुन्हा सपाट करा. आता उंची १२ सें.मी. भरली, तर वाळू ३ सें.मी., म्हणजे १२ च्या २५ टक्के फुगलेली होती.

अशा वाळूच्या एका ब्रासात खरी वाळू ८० घनफूटच असते. कोरडी वाळू सुमारे ३.६ टन, अधिक पाणी ०.१८ टन, मिळून ३.८ टन. पैसे मात्र १०० घनफुटांचे! शिवाय गवंडी एक पाटी सिमेंटला चार पाट्या वाळू घालतो, तेव्हा प्रत्यक्षात सव्वातीन पाट्याच पडते आणि महाग सिमेंट अकारण जास्त खर्च होते. हीच वाळू वजनावर घेतली, तर पाण्यामुळे होणारी तूट ५ टक्क्यांच्या आतच राहते.

तेव्हा माती असो, वाळू असो की धान्य, माप भरले एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात पदार्थ किती आणि पोकळी किती, हेही विचारा. त्यासाठी एक बरणी, एक पट्टी आणि थोडे पाणी पुरेसे आहे.